केळीबागेला युरिया देण्यापूर्वी विहिरीतील नत्र मोजावे

जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या एका झाडाला साधारण 200 ग्रॅम नत्र (नायट्रोजन) धरले जाते. 5 बाय 5 फुटांवर लागवड असल्यास एकरी सुमारे 1,742 झाडे बसतात, म्हणजे 348 किलो नत्र. युरियात ते 46 टक्के असल्याने 45 किलोच्या जवळपास 17 गोण्या लागतात. या हिशेबात विहिरीचे पाणी मात्र कोणी धरत नाही.

1913 मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे हवेतील नत्रापासून अमोनिया मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला आणि आज जमिनीवर निसर्ग हवेतील जेवढे नत्र बांधतो, म्हणजे पिकाला घेता येईल अशा रूपात आणतो, त्याहून अधिक माणूस बांधतो. पिकाने न उचललेल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, जो शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापमानवाढ करतो, आणि बराचसा भाग नायट्रेट होऊन भूजलात उतरतो. म्हणजे आपण पैसे मोजून घेतलेले खतच विहिरीत साठते.

नमुना घेताना मोटर काही वेळ चालू ठेवून मग स्वच्छ बाटली भरावी, ती बर्फात ठेवावी आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावी, कारण उशीर झाल्यास जिवाणूंमुळे आकडा बदलतो. अहवालात ‘नायट्रेट’ लिहिले आहे की ‘नायट्रेट-नत्र’ (म्हणजे नायट्रेटमधील फक्त नत्राचे वजन), हे आवर्जून पाहावे. पहिले असल्यास आकड्याला 4.43 ने भागावे. येथेच बहुतेकांची गफलत होते.

समजा, नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅम निघाले, जी पिण्याच्या पाण्याची मर्यादाही आहे. ठिबकने झाडाला दिवसाला सरासरी 15 लिटर पाणी 300 दिवस दिले, तर एकरात जवळपास 80 किलो नत्र पाण्यातूनच येते, म्हणजे युरियाच्या पावणेचार गोण्यांहून थोडे अधिक. ते सगळे मुळांना मिळत नाही. म्हणून पहिल्या वर्षी निम्मेच वजा करावे आणि पानांचा रंग पाहत राहावे, असे माझे मत आहे. मृगबाग (जून-जुलैची केळी लागवड) आणि कांदेबाग (सप्टेंबर-ऑक्टोबरची केळी लागवड) यांचे पाण्याचे मान वेगळे असल्याने हिशेबही वेगळा मांडावा.

उरलेला युरिया ठिबकमधून लहान हप्त्यांत सोडावा. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीवर तो नुसता फेकल्यास अमोनिया होऊन उडतो. नायट्रेटचा आकडा 45 च्या वर असल्यास ते पाणी तान्ह्या बाळांना देऊ नये. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट दाट होते. पावसाळ्यानंतर पाझर बदलतो, त्यामुळे तपासणी पुन्हा करावी.