फ्रेंचचा स्यूब्जोंक्तिफ अँपार्फे : या चुका टाळा

स्यूब्जोंक्तिफ अँपार्फे, म्हणजे सब्जंक्टिव्हचा (इच्छा, शंका किंवा न घडलेली गोष्ट सांगणाऱ्या क्रियारूपाचा) भूतकाळ, आजच्या फ्रेंचमध्ये जवळपास कुणी बोलत नाही. तो वाचताना ओळखायचा असतो आणि साहित्यिक किंवा फार औपचारिक मजकूर लिहिताना क्वचित वापरायचा असतो. सुरुवातीच्या परीक्षांमध्ये त्याच्याशी गाठ पडत नाही. ती पडते एम.ए.च्या वर्गात, भाषांतराच्या कामात, किंवा एखादी जुनी कादंबरी मुळातून वाचायला घेतल्यावर. मग घाईघाईने एक तक्ता पाठ होतो, आणि त्याच त्या चुका वहीतून उत्तरपत्रिकेत आणि उत्तरपत्रिकेतून छापील भाषांतरात जातात. त्यांतल्या दोन चुका खरोखर महाग पडतात, म्हणून त्यांच्यावर जास्त वेळ घालवतो.

खाली फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे दिले आहेत. फरक फक्त लिखाणात असेल तिथे अक्षरं सांगितली आहेत. ‘टोपी’ म्हणजे स्वरावरचा आक्सां सिरकोंफ्लेक्स (^).

चुकीच्या मुळावर रूप बांधणं

नावात ‘अँपार्फे’ आहे म्हणून विद्यार्थी साध्या अँपार्फेचं (‘घेत होता’सारख्या अपूर्ण भूतकाळाचं) मूळ उचलतात. प्रांद्र (घेणे) या क्रियापदाचं साधं अँपार्फे ‘प्रने’, म्हणून ते ‘प्रनास’ असं रूप लिहून मोकळे होतात. असं रूप फ्रेंचमध्ये नाहीच. हा काळ बांधला जातो पासे सँप्लवरून, म्हणजे लिखित कथनातल्या साध्या भूतकाळावरून. पासे सँप्लमधलं ‘त्यू’चं (तू) रूप घ्यायचं, त्याच्या शेवटी न उच्चारला जाणारा एस असतोच. त्याला एस-ई जोडलं की पहिल्या पुरुषाचं एकवचन तयार. प्रांद्रचं ‘त्यू प्री’ (पी-आर-आय-एस), त्यावरून ‘क ज प्रिस’. पुढे त्यू प्रिस, इल प्री (आयवर टोपी आणि शेवटी टी), नू प्रिसियों, वू प्रिसिये, इल प्रिस.

या काळात स्वर चारच. ‘एर’ने संपणाऱ्या सगळ्या क्रियापदांना ‘आ’ : पार्लास, दोनास, आणि एरवी वाकडं चालणारं आले (जाणे) सुद्धा इथे सरळ ‘आलास’ होतं. ‘ई’ : फिनिस, प्रिस, फिस (फेर, करणे), विस (वुआर, पाहणे). ‘यू’ : एत्रचं (असणे) फ्यूस, आवुआरचं (जवळ असणे) यूस, सावुआरचं (माहीत असणे) स्यूस, लीरचं (वाचणे) ल्यूस. आणि ‘अँ’ फक्त वनीर (येणे), तनीर (धरणे) आणि त्यांच्या कुटुंबाला : वँस, तँस. म्हणजे पाठ करायचा असतो तो पासे सँप्ल. तो कच्चा ठेवून या काळाचे तक्ते घोकणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

इथे एक पळवाट फार लोकप्रिय आहे : भूतकाळवाचक धातुसाधित घ्या आणि ‘स’ लावा. सावुआर-स्यू-स्यूस, लीर-ल्यू-ल्यूस, बुआर (पिणे)-ब्यू-ब्यूस, असं तीन-चारदा जमतं आणि विश्वास बसतो. मग वुआरचं धातुसाधित ‘व्यू’ म्हणून ‘व्यूस’ लिहिलं जातं. बरोबर रूप ‘विस’. बात्रचं (मारणे) धातुसाधित ‘बात्यू’, पण रूप ‘बातिस’. रांद्रचं (परत करणे) ‘रांद्यू’, पण रूप ‘रांदिस’. वनीरचं ‘वन्यू’, पण रूप ‘वँस’. नेत्रचं (जन्मणे) ‘ने’, पण रूप ‘नाकिस’. अर्ध्या वेळा बरोबर येणारी युक्ती कायम चुकणाऱ्या युक्तीपेक्षा वाईट, कारण ती कधी फसवते ते कळत नाही. ही युक्ती शिकवू नका आणि शिकू नका.

लिखाणातल्या दोन बारीक गोष्टी : मांजेमध्ये (खाणे) जी नंतरचा ई सगळ्या रूपांत टिकतो, आणि कोमांसेमध्ये (सुरू करणे) सीखाली सेदी (छोटी शेपटी) लागतेच.

टोपी विसरणं, किंवा भलत्या डोक्यावर चढवणं

सगळ्यात जास्त गोंधळ तृतीय पुरुषी एकवचनात होतो, आणि वापर सगळ्यात जास्त त्याच रूपाचा आहे. एत्रचं पासे सँप्ल ‘इल फ्यू’ : एफ-यू-टी, टोपी नाही. त्याचंच स्यूब्जोंक्तिफ अँपार्फे ‘किल फ्यू’ : तीच तीन अक्षरं, यूवर टोपी. उच्चार एकच. आवुआरचंही तसंच : ई-यू-टी, एकदा उघडं, एकदा टोपीसकट, दोन्ही ‘यू’. संगणकातली स्पेलिंग-तपासणी बहुतेकदा यावर गप्प बसते, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत.

उत्तरपत्रिकेत कायम दिसणारं वाक्य बघा : ‘आप्रे किल फ्यू पार्ती’, तो निघून गेल्यानंतर. इथे टोपी दिलेली असते, आणि ती चूक आहे. खुद्द फ्रेंच लोकही ही चूक करतात, छापील मजकुरातही. ‘आवां क’ (आधी) नंतर सब्जंक्टिव्ह येतो, म्हणून ‘आप्रे क’ (नंतर) नंतरही तोच येत असेल, असा समज होतो. पण कारण पाहिलं की गोंधळ उरत नाही. ‘तो निघून जाण्याआधी’ म्हणताना जाणं अजून घडलेलं नसतं, म्हणून सब्जंक्टिव्ह, म्हणून टोपी. ‘तो निघून गेल्यानंतर’ म्हणताना जाणं घडून गेलेली वस्तुस्थिती असते, म्हणून इंडिकेटिव्ह (वस्तुस्थिती सांगणारं रूप). ते रूप पासे आंतेरियर (आधी घडून गेलेल्या क्रियेचा काळ), टोपीविना.

कानाला फरक कळत नाही तर ओळखायचं कसं? कर्ता अनेकवचनी करा. पासे सँप्ल असेल तर ‘फ्यूर’ येतं, सब्जंक्टिव्ह असेल तर ‘फ्यूस’. आवुआरचं ‘यूर’ आणि ‘यूस’. ‘आप्रे किल फ्यूर पार्ती’ जुळतं, म्हणून एकवचनात टोपी नाही. ‘आवां किल फ्यूस पार्ती’ जुळतं, म्हणून टोपी आहे. माझ्या मते ही एक तपासणी दहा नियमांना भारी आहे. शंका आली की समासात अनेकवचनी रूप लिहायचं आणि मगच टोपीचा निर्णय घ्यायचा.

भाषांतरात हीच चूक अर्थ उलटा करते. ‘इल यू फाल्यू पार्तीर’ या वाक्यात यूवर टोपी असेल तर ते कोंदिस्योनेल पासेचं (‘झालं असतं’ अशा अर्थाच्या संकेतार्थी भूतकाळाचं) दुसरं रूप आहे, म्हणजे ‘इल ओरे फाल्यू पार्तीर’. अर्थ : निघायला हवं होतं. म्हणजे निघाले नाहीत. टोपीकडे दुर्लक्ष करून ‘निघावं लागलं’ असं भाषांतर केलं, की न घडलेली गोष्ट घडून जाते आणि पुढची पाच पानं वाचकाला कळेनाशी होतात. मुख्य वाक्यात असं ‘यू’ किंवा ‘फ्यू’ आणि पाठोपाठ धातुसाधित दिसलं, की त्या जागी ‘ओरे’ किंवा ‘सरे’ बसवून पाहा. अर्थ लागला तर टोपी हवीच. गौण वाक्यात मात्र ही तपासणी वापरू नका, तिथे अनेकवचनाचीच वापरा.

‘एर’वाल्या क्रियापदांत आणखी एक खाच आहे. पासे सँप्लमध्ये ‘इल पार्ला’ला शेवटी टी नाही आणि टोपीही नाही. सब्जंक्टिव्हच्या ‘किल पार्ला’ला दोन्ही आहेत. नुसता टी किंवा नुसती टोपी, असं अर्धवट रूप कुठल्याच काळाचं नाही. पासे सँप्लमध्ये टोपी नू आणि वूच्या रूपांवर असते, इथे ती फक्त तृतीय पुरुषी एकवचनावर. १९९० च्या लेखनसुधारणेने आय आणि यूवरच्या बऱ्याच टोप्या ऐच्छिक केल्या, पण क्रियापदांच्या या प्रत्ययांवरच्या कायम ठेवल्या. ‘आता टोपी गेली’ ही सबब इथे चालत नाही. अपवाद आईर (द्वेष करणे) : तिथे आयवर आधीच दोन टिंबं असतात, म्हणून टोपी येत नाही.

काळांची संगती

मराठीत ‘त्याने यावं असं मला वाटतं’ आणि ‘त्याने यावं असं मला वाटत होतं’ या दोन्ही वाक्यांत ‘यावं’ जागचं हलत नाही. म्हणून आपल्याकडच्या विद्यार्थ्याला ‘ज वूले किल व्येन’ (गौण वाक्यात सब्जंक्टिव्हचं वर्तमानाचं रूप) अगदी नैसर्गिक वाटतं. जुन्या नियमाने मुख्य वाक्य भूतकाळात किंवा कोंदिस्योनेलमध्ये असलं की ‘किल वँ’ (टोपीसकट) हवं, आणि गौण क्रिया आधीच घडून गेलेली असेल तर सब्जंक्टिव्हचं प्ल्यू-क-पार्फे (एत्र किंवा आवुआरचं या काळातलं रूप आणि पुढे धातुसाधित).

वर्तमानाचं रूप आज चूक धरत नाहीत. फ्रान्समध्ये २६ फेब्रुवारी १९०१ च्या सरकारी आदेशाने कोंदिस्योनेलनंतर ते चालवून घेतलं, आणि २८ डिसेंबर १९७६ च्या आदेशाने भूतकाळानंतरही. चूक होते ती सरमिसळीत. सगळं कथन पासे सँप्लमध्ये आहे, एका ओळीत ‘किल वँ’ आणि पुढच्या ओळीत ‘किल व्येन’, हे वाचवत नाही. आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. तृतीय पुरुषात जुनं रूप ठेवायचं आणि ‘नू पार्लासियों’सारखी जड रूपं टाळायची, हा समतोल मला सगळ्यात वाचनीय वाटतो.

उलट टोकाची चूक नवशिक्यांची : भूतकाळ दिसला की सब्जंक्टिव्ह. ‘मला वाटलं तो आजारी आहे’ यात ‘ज क्रुआये किल एते मालाद’, साधं इंडिकेटिव्ह. एस्पेरे (आशा करणे) नंतरही होकारार्थी वाक्यात इंडिकेटिव्हच.

‘सी’ (जर) नंतर हा काळ येत नाही. ‘तो श्रीमंत असता तर’ म्हणजे ‘सिल एते रीश’. तिथे फ्यू लिहिणारे इंग्रजी व्याकरण फ्रेंचवर लादत असतात. साहित्यात दिसणारं ‘सिल यू स्यू’ (त्याला कळलं असतं तर) हे प्ल्यू-क-पार्फे आहे. कर्ता मागे गेलेलं ‘फ्यूतिल’ (तो असला तरी) ही वेगळी रचना, तीही टोपीसकट.

दुसऱ्या गटात (फिनीर, म्हणजे संपवणे, यासारखी क्रियापदं) ‘क ज फिनिस’ सब्जंक्टिव्हच्या वर्तमानातही तेच आणि इथेही तेच. घाबरू नका, फरक फक्त तृतीय पुरुषी एकवचनात आहे : किल फिनिस आणि किल फिनी.

क्लोर (बंद करणे), त्रेर (दूध काढणे) आणि पेत्र (चरणे) यांना पासे सँप्ल नाही, म्हणून हा काळही नाही. तक्ता पूर्ण करण्यासाठी रूपं शोधून काढू नका. वाक्यच दुसऱ्या क्रियापदाने लिहा.

सरावाच्या वहीत सहा रूपांचे तक्ते नकोत. एका ओळीत चारच नोंदी : मूळ क्रियापद, पासे सँप्लचं ‘इल’, सब्जंक्टिव्हचं ‘इल’, सब्जंक्टिव्हचं अनेकवचन. टोपी लाल शाईने काढा. रोज पाच क्रियापदं, तीही वाचनात भेटलेलीच.