घोण पाळताना

ज्याला आपण घोण किंवा मोठी गोम म्हणतो, त्या स्कोलोपेंड्रा मॉर्सिटन्स जातीला पायांच्या 21 जोड्या असतात. डोक्याखालची विषारी नांगी ही याखेरीज असून तीही मुळात पायांचीच बदललेली जोडी आहे. हा प्राणी अंगाखांद्यावर खेळवण्याचा नव्हे, केवळ पाहण्याचा आहे, हे मान्य असेल तरच पुढची तयारी करावी.

घोण पाळण्यातली खरी गोम झाकणात आहे. तिचे अंग चपटे असल्याने जिथून डोके शिरते तिथून बहुधा सारे शरीर बाहेर पडते. शिवाय काच चढता आली नाही, तरी कोपऱ्यातल्या सिलिकॉनचा आधार घेऊन ती वर सरकते. त्यामुळे मातीपासून झाकणापर्यंतची उंची तिच्या लांबीच्या दीडपट तरी असावी, झाकणाला कडी असावी आणि हवेसाठी बारीक पोलादी जाळी बसवावी.

तळाशी 8 ते 10 सेंटीमीटर माती व कोकोपीट यांचे मिश्रण भरून त्यावर झाडाची साल किंवा खापराचा तुकडा ठेवावा. घोणीची श्वासछिद्रे घट्ट मिटत नाहीत आणि कोरड्या हवेत तिच्या अंगातले पाणी झपाट्याने उडते. म्हणून मातीचा एक भाग सतत ओलसर ठेवावा, दुसरा कोरडा राहू द्यावा आणि उथळ झाकणात पिण्याचे पाणी ठेवावे. सगळीकडे चिखल झाला, तर बुरशी धरते.

आठवड्यातून एकदा रातकिडा किंवा झुरळ पुरे. घरातले झुरळ मात्र देऊ नये, कारण त्याच्या अंगावर फवाऱ्याचे औषध असू शकते. तिने खाणे सोडले, तर बहुधा कात टाकण्याची वेळ आलेली असते. अशा वेळी जिवंत भक्ष्य आत ठेवू नये, कारण कात टाकलेली मऊ घोण रातकिड्यालाही बळी पडते. टाकलेली कात ती स्वतःच खाते, ती काढू नये. घोणीचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही असे म्हणतातच, आणि तुटलेला पाय पुढच्या काही कातींनंतर पुन्हा फुटतोही.

एका डब्यात एकच घोण ठेवावी. दोन ठेवल्यास बहुधा एकच उरते. अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेल्या मादीला डिवचले, तर ती आपलीच अंडी खाऊन टाकते.

साफसफाईसाठी 30 सेंटीमीटरचा चिमटा वापरावा आणि हलवताना तिच्यावर पारदर्शक डबा पालथा घालून खालून पुठ्ठा सरकवावा. दंश झाल्यास जखम साबणाने धुवावी. श्वास लागला, चक्कर आली किंवा अंगावर गांधी उठल्या, तर लगेच रुग्णालय गाठावे.