कॅन्कूनच्या बीच ट्रिपमधून एका दिवसात चिचेन इट्झा नीट कसं बघायचं

मेक्सिकोतल्या कॅन्कूनला आठवडाभर बीचवर सुट्टी काढायला आपले बरेच लोक जातात, खास करून अमेरिकेत राहणारे, आणि त्यातला एक दिवस तिथल्या मूळ रहिवासी माया लोकांच्या जुन्या शहरांच्या अवशेषांसाठी ठेवतात. मग हॉटेलच्या लॉबीत टूरवाला बसलेला असतो, त्याच्याकडचं पहिलं पॅकेज घेऊन मोकळे होतात. चिचेन इट्झा हे मायांचं जुनं शहर, सेनोते म्हणजे तिथल्या नैसर्गिक विहिरीत पोहणं, बुफे जेवण, एखादं हस्तकलेचं दुकान, येताना वायादोलिद गाव, सगळं एकाच दिवसात, ऐकायला भारी वाटतं. पण ती बस हॉटेला-हॉटेलांवरून माणसं गोळा करत निघते आणि तुम्ही पिरॅमिडसमोर पोचता तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं, सगळ्याच बसेस एकदम आलेल्या असतात आणि हातात तास-दीड तास उरतो. एवढ्या मोठ्या शहरासाठी तेवढा वेळ पुरत नाही हो, अजिबात नाही. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की एका दिवशी एकच जागा बघा आणि सकाळी ८ ला गेट उघडतं तेव्हा तिथे हजर रहा, बाकी सगळं प्लॅनिंग या दोन गोष्टी धरूनच करा.

कुठे जायचं ते आधी ठरवा

कॅन्कूनहून चिचेन इट्झा साधारण २०० किलोमीटर आहे, गाडीने अडीच तास. १९८८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि २००७ मध्ये जगातली नवी सात आश्चर्यं निवडली त्यात आपल्या ताजमहालासोबत हेही होतं. पहिल्यांदा जात असाल, इतिहासाची आवड असेल तर हेच करा, लांब पडलं तरी.

तुलुम हे समुद्राच्या कड्यावरचं तटबंदीचं गाव. तेराव्या ते पंधराव्या शतकातलं, इमारती छोट्या, पण मागे निळा समुद्र, त्यामुळे फोटो सगळ्यात सुंदर इथलेच येतात. दोन तासांत होतं. तुमचं हॉटेल किनाऱ्यावरच्या प्लाया देल कार्मेनला किंवा तुलुमला असेल, सोबत लहान मुलं असतील तर अर्ध्या दिवसात बघून परत बीचवर येता येतं. सावली मात्र जवळजवळ नाही.

कोबा जंगलात आहे, तुलुमहून तासाभरापेक्षा कमी. अवशेष लांब-लांब पसरलेत म्हणून आत सायकली भाड्याने मिळतात आणि सायकलरिक्षासुद्धा मिळते, त्यामुळे आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर मी कोबाच सांगेन. तिथला नोहोच मूल पिरॅमिड ४२ मीटर उंच आहे, म्हणजे चिचेन इट्झाच्या पिरॅमिडपेक्षाही उंच. पण वर चढायला मिळेलच असं धरून जाऊ नका, त्या आठवड्यात काय चालू आहे ते हॉटेलवर विचारून घ्या.

वायादोलिदच्या उत्तरेला 'एक बलाम' (Ek Balam) नावाची जागा आहे, गर्दी कमी आणि चुन्याच्या गिलाव्यातलं शिल्पकाम अप्रतिम. चिचेन इट्झा आधी झालं असेल तर दुसऱ्या खेपेला तिथे जा.

पुढचं सगळं चिचेन इट्झा धरून लिहितेय.

दिवस कुठला

रविवार टाळा, कारण त्या दिवशी मेक्सिकन नागरिकांना प्रवेश मोफत असतो आणि तुफान गर्दी होते. मार्चमध्ये २०-२१ तारखेच्या आसपास पिरॅमिडच्या पायऱ्यांवर सापासारखी सावली पडते, ती बघायला जगभरातून लोक येतात, तेवढ्यासाठीच जात असाल तर ठीक, नाहीतर ते दिवस सोडा. नोव्हेंबर ते मार्च हवा बरी असते, एप्रिल-मे मध्ये फार गरम होतं, जून ते ऑक्टोबर पाऊस, पण पाऊस बहुतेक दुपारनंतर येतो म्हणून तेव्हाही सकाळी लवकर जाणाऱ्याचाच फायदा. आणखी एक, उन्हाळ्यात किनाऱ्यावर सारगॅसम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ वाहून येतं, वास मारतं, पाण्यात जाववत नाही. बीचचा असा वाया जाणारा दिवस अवशेषांना द्या.

एक तासाचा फरक, हा नीट समजून घ्या

कॅन्कून, प्लाया, तुलुम हे सगळं किंताना रो राज्यात येतं आणि चिचेन इट्झा शेजारच्या युकातान राज्यात. दोन्हीकडची घड्याळं वेगळी आहेत, युकातान वर्षभर एक तास मागे. म्हणजे तुम्ही कॅन्कूनहून सकाळी ६ ला निघालात की अडीच तासांनी तुमच्या घड्याळात साडेआठ झालेले असतात पण तिथे साडेसातच वाजलेले असतात! फार पहाटे न उठता गेट उघडायच्या आधी पोचता. येताना हाच तास परत द्यावा लागतो, तोही हिशोबात धरा. टूर किंवा बस बुक करताना वेळ कुठल्या राज्याची लिहिलीय ते विचाराच.

जायचं कसं

चार जण असाल तर गाडी भाड्याने घेणं किंवा ड्रायव्हरसकट गाडी ठरवणं सगळ्यात सोयीचं. ऑनलाइन गाडीचं भाडं अगदी थोडं दिसतं, पण मेक्सिकोत थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे आणि तो बऱ्याचदा त्या दिसणाऱ्या आकड्यात नसतो, काउंटरवर गेल्यावर रक्कम फुगते, म्हणून एकूण किती ते आधी लेखी घ्या. रस्ते दोन आहेत. १८०डी हा टोलरोड, सरळ, रिकामा, महाग, मध्ये फारशी काही सोय नाही, म्हणून टाकी भरून आणि टोलसाठी रोख पेसो घेऊन निघा. दुसरा फुकटचा रस्ता गावागावांतून जातो, तिथे 'तोपे' म्हणजे स्पीडब्रेकर, न रंगवलेले, अचानक येणारे, वेळ खूप जातो. सकाळी टोलरोडनेच जा.

एकटे-दुकटे असाल तर एडीओ कंपनीच्या बसेस चांगल्या आहेत, एसी वगैरे, फक्त पहिल्याच बसने जा आणि परतीची वेळ पक्की करूनच बसा. टूरच घ्यायची असेल तर 'अर्ली अॅक्सेस' असं लिहिलेली घ्या, गेटवर किती वाजता पोचवणार आणि आत किती तास देणार हे दोनच प्रश्न विचारा, बुफेत किती पदार्थ आहेत ते विचारू नका.

व्हिसाचं म्हणाल तर भारतीय पासपोर्टवर वैध अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, म्हणजे अमेरिकेत भेटीला आलेल्या आई-बाबांनाही नेता येतं. ग्रीन कार्डवाल्यांनाही लागत नाही.

बॅगेत काय

टोपी, छत्री (खरंच न्या, खूप कामी येते), माणशी लिटरभर तरी पाणी, चालायचे बूट, मच्छरांचं क्रीम, पोहायचे कपडे, टॉवेल, रोख पेसो. ड्रोन नेऊ नका, परवानगी नाही.

आत गेल्यावर

तिकिटाचे दोन भाग असतात, एक केंद्र सरकारचा आणि एक युकातान राज्याचा, दोन्ही घ्यावे लागतात, परदेशी माणसाला मिळून ६०० पेसोंच्या वर जातात आणि दर वर्षी थोडे वाढतात. गेटवर परवानाधारक गाइड मिळतात. मी म्हणेन घ्याच, दुसरं एखादं कुटुंब बघून वाटून घ्या हवं तर, कारण आता पिरॅमिडवर चढता येत नाही आणि पाट्यांवर फार माहिती नाही, नुसतं बघितलं तर दगडच दिसतात. गाइड बरेचदा स्वतः माया असतात, घरी माया भाषा बोलणारे. माया लोक संपले असं आपण कुठेतरी वाचलेलं असतं ते अजिबात खरं नाही, लाखो लोक आजही ती भाषा बोलतात.

आधी थेट एल कास्तियोकडे, म्हणजे मोठ्या पिरॅमिडकडे जा, मैदान रिकामं असेपर्यंत. चारही बाजूंना ९१ पायऱ्या, त्या ३६४, आणि वरच्या देवळाची एक, असे वर्षाचे ३६५ दिवस. नऊ टप्पे आहेत, मधल्या जिन्यामुळे प्रत्येक बाजूला त्यांचे अठरा भाग पडतात, मायांच्या वर्षात वीस-वीस दिवसांचे अठरा महिने होते आणि वर पाच दिवस. अख्खं कॅलेंडर दगडात बांधलंय! शून्यही या लोकांनी स्वतंत्रपणे शोधला होता, आपल्याला तर याचं विशेष वाटायलाच हवं. जिन्यासमोर थोडं लांब उभं राहून टाळी वाजवा, पक्ष्याच्या आवाजासारखा प्रतिध्वनी येतो, दहा वाजल्यावर गोंगाटात तो नीट ऐकू येत नाही.

मग चेंडूच्या खेळाचं मैदान, जवळजवळ १६८ मीटर लांब, भिंतींवर उंच दगडी कड्या. तिथून कवट्या कोरलेला चौथरा आणि पुढे पांढऱ्या वाटेने पवित्र सेनोते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड थॉम्पसनने त्याचा तळ उपसला तेव्हा जेड, सोनं आणि माणसांची हाडं निघाली. या सगळ्या प्रदेशात जमिनीवर नदीच नाही, चुनखडीतून पाणी खाली झिरपतं आणि छत कोसळलं की अशी विहीर उघडी पडते, सगळं जगणं त्या पाण्यावर, म्हणून पावसाच्या देवाला, चाकला, इथे अर्पण. हे कळलं की मग बऱ्याच इमारतींवर चाकचं ते लांब वळलेलं नाक ओळखू यायला लागतं.

टूरवाल्यांचा वेळ इथेच संपतो, तुम्ही मात्र दक्षिणेकडे जा. गोल वेधशाळा एल काराकोल आणि त्यामागच्या लास मोनहासच्या इमारती, जुनं बांधकाम, नुसती नक्षी, झाडांची सावली आणि माणसं कमी. मला विचाराल तर अख्ख्या चिचेन इट्झात सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा. एकूण तीन तास धरा.

नंतर सेनोते आणि जेवण

इक किल सेनोते तीन-चार किलोमीटरवर आहे पण दुपारी बसेस तिकडेच वळतात, त्यापेक्षा वायादोलिदला जा, गावातच सासी सेनोते आहे. पाण्यात उतरायच्या आधी शॉवर घ्या, अंगावरचं सनस्क्रीन धुऊन टाका, ते पाणी पुढे सगळ्यांच्या वापरात जातं. लाइफ जॅकेट मिळतं, पोहता येत असलं तरी घाला, खोली बरीच असते.

शाकाहारी असाल तर 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका' म्हणा, मांस नको, चिकन नको, चरबी नको. तिसरं महत्त्वाचं, कारण बीन्स बरेचदा डुकराच्या चरबीत परततात. सिकिल पाक मागवा, भोपळ्याच्या बिया भाजून टोमॅटोबरोबर वाटतात, टोर्तियाच्या तुकड्यांबरोबर मस्त लागतं. संध्याकाळी चौकात गाड्यांवर मार्केसिता मिळते, चीज भरलेली कुरकुरीत गुंडाळी, पण तेवढं थांबलात तर अंधार होईल. वायादोलिदहून तिथल्या अडीचपर्यंत निघा, तेव्हा कॅन्कूनला साडेतीन झालेले असतात आणि साडेपाच-सहापर्यंत उजेडात हॉटेलवर पोचता.