मॉड केलेल्या स्विचवर मुलं खेळतात? मग कुलूप अकाउंटला लावा

आमच्या निन्टेन्डो स्विच या गेम मशीनला भावजींनी मॉडचिप (कंपनीबाहेरचं सॉफ्टवेअर चालवू देणारी चिप) बसवून दिली. त्यावर थोरली, धाकटा आणि सुट्टीत आलेली चुलत भावंडं असा सगळ्यांचा हात फिरतो. स्विचवर आठ जणांची प्रोफाइलं होतात, पण एकालाही पासवर्ड लावता येत नाही. चित्रावर टिचकी मारली की कोणीही आईच्या नावाने आत. पॅरेंटल कंट्रोलचा चार ते आठ आकडी पिन जरूर लावा, तिसरीतल्या धाकट्याला तो पुरतो. थोरलीचा भरवसा नाही. विसरलेला पिन काढायला मास्टर की नावाचा कोड लागतो, आणि तो बनवून देणारी साधनं नेटवर सहज सापडतात. म्हणून खरं कुलूप अकाउंटवर.

आधी मशीनच्या दोन बाजू वेगळ्या करा. मूळ सिस्टिमवर तुमचं निन्टेन्डो अकाउंट आणि विकत घेतलेले गेम. मेमरी कार्डावरच्या दुसऱ्या सिस्टिमीत, म्हणजे एमूएमएमसीत, होमब्रू (हौशी लोकांनी बनवलेली ॲप) आणि मुलांचे उद्योग, तिथे अकाउंट अजिबात नको. पण एमूएमएमसी म्हणजे मूळ सिस्टिमची हुबेहूब नक्कल. ती बनवताना अकाउंट जोडलेलं असेल, तर तेही तिकडे जातं. तसं झालं असेल तर त्या बाजूचं तुमचं प्रोफाइल काढून टाका. सोबत गेममधली साठवलेली प्रगती, म्हणजे सेव्हही उडतात, त्यामुळे आधी जेकेएसव्ही या होमब्रू ॲपने बॅकअप घ्या. पिन दोन्हीकडे स्वतंत्र लावावा लागतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आपण कुठल्या बाजूला आहोत, हे सिस्टिम सेटिंग्जमधल्या व्हर्जनच्या आकड्यापुढे दिसतं: ‘ई’ म्हणजे एमूएमएमसी, ‘एस’ म्हणजे मूळ. हेकाटेमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना कुठली बाजू उघडायची ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ऑटोबूट एमूएमएमसीवर ठेवलं की मुलं आपोआप तिकडेच उतरतात. आपल्याला मूळ बाजूला जायचं असेल तेव्हा लोगो दिसताना आवाज कमी करायचं बटण दाबून धरायचं, हेकाटेचा मेनू येतो, त्यातून मूळ बाजू निवडायची. एमूएमएमसीतून निन्टेन्डोच्या सर्व्हरकडे जाणारी वाट ॲटमॉस्फिअर या मॉड सॉफ्टवेअरच्या होस्ट्स फाइलमध्ये (कुठले पत्ते अडवायचे त्याची यादी) बंद करा, नाहीतर मशीनवर ऑनलाइन बंदी यायची.

आता अकाउंट. फोनवरून निन्टेन्डोच्या साइटवर लॉगिन करा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा, कोड ऑथेंटिकेटर ॲपमध्ये येईल. बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा, त्यांचा स्क्रीनशॉट मुलांच्या हाती पडणाऱ्या फोनमध्ये नको. मग ई-शॉप या निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानाच्या सेटिंगमध्ये ‘पासवर्ड विचारू नको’ असं निवडलेलं असेल तर ते बदला. साठवलेलं क्रेडिट कार्ड काढून टाका. मी गिफ्ट कार्डाचा कोड टाकते, तोही लागेल तेवढाच, कारण शिल्लक दिसली की मागण्या सुरू.

पासवर्ड कितीही अवघड ठेवा, तो टीव्हीवर टाकताना फुटतो. रकान्यात ठिपके दिसतात हे खरं, पण खालच्या कीबोर्डवर निळी चौकट एकेक अक्षरावर सरकत असते आणि सोफ्यावरची मंडळी ती चवीने वाचतात. स्विच टीव्हीला जोडणाऱ्या डॉकमधून काढून हातात घ्या, स्क्रीन स्वतःकडे वळवा आणि बोटाने टाइप करा. डॉकला यूएसबी कीबोर्ड लावूनही जमतं. हा पासवर्ड ईमेलचा मात्र नसावा, कारण ईमेल हाती लागलं की बाकी सगळं ‘फरगॉट पासवर्ड’ने उघडतं.

यूट्यूब ॲपमध्ये तुमचं गूगल अकाउंट चालू राहिलं असेल तर तुमची हिस्टरीही मुलांसमोर उघडी. स्विच हाताशी नसला तरी चालेल, गूगलच्या सुरक्षा पानावर डिव्हाइसांची यादी असते, तिथून साइन आउट करा.

होमब्रूच्या कुठल्याही ॲपमध्ये मुख्य पासवर्ड टाकू नका. पुष्कळ ॲप लॉगिनची माहिती कार्डावरच्या साध्या फाइलमध्ये ठेवतात, आणि कार्ड काढून लॅपटॉपला लावायला चिमुरड्यालाही अर्धा मिनिट पुरतो. वायफायवरून कार्डावरच्या फाइली हलवायला एफटीपी वापरत असाल तर त्याला नाव-पासवर्ड द्या आणि काम झालं की बंद करा. स्विच दुरुस्तीला किंवा शेजाऱ्यांकडे खेळायला देताना कार्ड काढून घरी ठेवा. तुमची अख्खी एमूएमएमसी त्यातच असते.