मेण, बर्फ आणि सत्तर ब्लॉक

मे महिना, सोलापूरचा पारा ४२ च्या पुढे, त्यात लॅबचा एसी बंद. ट्रेमध्ये सत्तर ब्लॉक, म्हणजे तपासणीसाठी मेणात बसवलेले टिश्यूचे (शरीरातल्या ऊतींचे) तुकडे, वाट बघत. मायक्रोटोम (ब्लॉकचे पातळ काप काढायचं यंत्र) ३ मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लावला, तर सलग कापांची पट्टी, रिबन, निघायच्या ऐवजी सेक्शन, म्हणजे काप, पात्याच्या धारेवरच चुरगळून गोळा व्हायचं.

पातं बदललं. परत बदललं. (पाती काय झाडाला लागतात?) एक सेक्शन जाड, एक पातळ येत होतं, ते ब्लॉकचा क्लॅम्प आवळल्यावर थांबलं. चुरगळणं मात्र तसंच. गोम मेणात होती, उकाड्यानं ते मऊ पडलेलं.

मग ब्लॉक बर्फावर पालथे ठेवले, दहा मिनिटं, एका वेळी सहाच. गारव्यानं मेण कडक होतं आणि वितळलेलं पाणी टिश्यूत किंचित मुरतं, म्हणून ठिसूळ लिव्हरही सरळ कापलं गेलं. सेक्शन तरंगवून सरळ करायचा कोमट पाण्याचा वॉटर बाथ कुणीतरी ५२ अंशांवर नेऊन ठेवलेला. ४५ वर आणला, तशी सेक्शन फाटायची थांबली.

एक फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) तेवढा चुन्यानं, म्हणजे कॅल्शियमनं, भरलेला निघाला. पात्याला खाच पाडली त्यानं. चुना विरघळावा म्हणून तो ब्लॉक अर्धा तास अॅसिडमध्ये पालथा घातला आणि शेवटी कापला.