घरच्या कुंडीत बियांपासून तिखटजाळ मिरची

मिरचीचं बी उगवणं लई सोपं आहे, खरी कसरत पुढं रोप जगवायची, आणि आपल्या मराठवाड्यात तर उन्हामुळं जास्तच, म्हणून आधी वेळ साधा. भर मे महिन्यात बी टाकू नका, जूनचा पहिला पाऊस पडून हवा जरा गार झाली की टाका.

बी कुठलं घ्यायचं? झणझणीत पाहिजे तर लवंगी नाहीतर ज्वाला, आणि परभणी विद्यापीठाचं परभणी तेजस मिळालं तर तेही घ्या. घरातल्या उन्हात वाळवलेल्या लाल मिरचीचं बीसुद्धा चालतंय, फक्त ती मिरची संकरित झाडाची असेल तर पुढचं झाड तसंच येईल याची गॅरंटी नाही.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. नुसती काळी माती घेऊ नका, ती पाणी धरून बसती आणि वाळली की भेगाळती, म्हणून माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि वाळू सारखी मिसळा. ट्रे नसला तर खाली भोक पाडलेले चहाचे कागदी कप बेस्ट. बी अर्धा सेंमी खोल टाकायचं, वरून ओलं गोणपाट, आणि ८-१० दिवसांत कोंब दिसला की गोणपाट त्याच दिवशी काढायचं, नाहीतर रोपं पांढरी लांबुळकी होतात. भूत जोलोकियासारखी जहाल तिखट जात असेल तर महिनाभरसुद्धा लागतो, उकरून बघू नका.

आता पाणी. रोपं बुडाशी काळी पडून कोलमडायला लागली म्हणजे पाणी जास्त झालं. बोट घालून बघा, वरची माती सुकली असेल तरच द्या, तेही सकाळी.

५-६ आठवड्यांनी रोप वीतभर झालं की संध्याकाळी १२ इंची कुंडीत लावा. युरियाचा मोह टाळा, नुसता पालाच माजतो.

पानं मुरडायला लागली की लोक सरळ औषध मारतात. आधी पान उलटं करून बघा ना! कडा वर वळून पान वाटीसारखं झालं तर फुलकिडे, खाली वळलं तर कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड, जाळं विणणारा कोळी नव्हे. सुरुवातीलाच ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. पांढऱ्या माशीमुळं व्हायरस येऊन झाड पार आखडलं असेल तर मात्र उपटून टाका, उगं जीव लावू नका.

दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की फुलं गळतात, तेव्हा जुनी साडी बांधून सावली करा. लावणीपासून दोन-अडीच महिन्यांत हिरवा तोडा सुरू होतो, आणि तोडत राहिलं की झाड अजून धरतं. मिरची कापल्यावर हात जळजळले तर आधी गोडंतेल चोळा, मग साबण, नुसत्या पाण्यानं तो तिखटपणा जात नसतोय.