पिशवी गाडीतच राहू द्या

ह्यूस्टनमध्ये दर दोन-चार महिन्यांनी एखादी मराठी मुलगी मला गाठते. "ताई, वर्क परमिट आलंय, मला लहान मुलांमध्ये काम करायला आवडतं. तुमच्यासारखं मला जमेल का?" जमेल. पण नेमकं काय जमवायचं हे फोनवर अर्ध्या तासात सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट आहे. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या घरी जाते. खाणं, खेळणं, कपडे घालणं, आंघोळ, झोप, ही बाळाची रोजची कामं. त्यातलं जे अडतं ते सोपं कसं करायचं, हे मी घरच्यांबरोबर बसून शोधते. अमेरिकेत १९८६ सालच्या केंद्रीय कायद्यामुळे या वयाच्या मुलांसाठी ही सेवा सुरू झाली. टेक्सासमध्ये तिला सगळे 'ईसीआय' (अर्ली चाइल्डहुड इंटरव्हेन्शन) म्हणतात. मूल एरवी जिथे असतं तिथेच ती द्यावी, असं धोरण आहे. म्हणजे बहुतेक वेळा घरीच.

शिक्षणाचं आधी सांगते. कम्युनिटी कॉलेजमध्ये साधारण दोन वर्षांची असोसिएट पदवी, त्यात १६ आठवड्यांचं पूर्णवेळ फील्डवर्क, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा सराव, मग एनबीसीओटी या ऑक्युपेशनल थेरपीच्या राष्ट्रीय प्रमाणपत्र मंडळाची परीक्षा, मग राज्याचं लायसन्स. त्यासाठी बोटांचे ठसेही द्यावे लागतात. भारतातून साडेचार वर्षांची बीओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची पदवी, करून आला असाल, तर असिस्टंटच्या कोर्सला नाव घालण्याआधी आपली पदवी थेरपिस्ट म्हणून कुठवर धरली जाते, याची एनबीसीओटीकडे चौकशी करा. घाई करू नका. या विद्येशी आपलं नातं जुनं आहे. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. मला हे कॉलेजात कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आपली हद्द पहिल्या दिवसापासून पक्की असू द्या. मुलाची तपासणी करून योजना ठरवते ती थेरपिस्ट, म्हणजे ओटी. आपण तिच्या देखरेखीखाली ती योजना राबवतो आणि घरात जे दिसतं ते तिला कळवतो. दारात चपला काढताना आई हळूच विचारते, "याला ऑटिझम आहे का हो?" तिथे अंदाज सांगायचा नाही, आणि "काही नसेल, काळजी करू नका" असंही म्हणायचं नाही. मी म्हणते, "ते ठरवणं माझ्या हातात नाही. पण तुम्हाला काय काय दिसतंय ते सांगा, मी आजच ओटीला कळवते." आणि त्याच दिवशी कळवते. त्या आईने हा प्रश्न विचारायला किती रात्री काढल्या असतील, याची जाणीव ठेवा.

आता पिशवीचं. पहिल्या वर्षी मी प्रत्येक घरी भलीमोठी पिशवी घेऊन जायचे. मणी, कोडी, रंगीत चिमटे, फुगे, कणकेसारखी माती. मुलं खूश, मीही खूश. मग एका घरी दोन महिन्यांनंतर आई म्हणाली, "तुम्ही जाता तेव्हा तो दाराशी बसून रडतो. आणि मधल्या आठवड्यात मी काही करत नाही, कारण ती खेळणी माझ्याकडे नाहीत." ती तक्रार करत नव्हती, खरं तेच सांगत होती. आठवड्यात १६८ तास असतात, त्यातला एक माझा. तो तासही मी आईच्या हातून काढून घेतला होता.

तेव्हापासून पिशवी गाडीतच राहते. आत शिरल्यावर मी विचारते, "या आठवड्यात दिवसातली कुठली वेळ सगळ्यात जड गेली?" आंघोळीची म्हणाली की आपण न्हाणीघरात. मोजे घालण्याची म्हणाली की कपड्यांच्या ढिगाजवळ. दह्याचा रिकामा डबा घ्या, झाकणाला फट पाडा, बाटल्यांची बुचं त्यातून आत टाकायला द्या. चिमूट, नजर, मनगट, सगळ्याला काम मिळतं. पण बुचं गिळता येतील इतकी लहान नकोत, आणि मोठं माणूस शेजारी हवं. आधी मी एकदा करून दाखवते, मग हात मांडीवर ठेवते आणि आईला करू देते. हात मांडीवर ठेवणं हेच या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य. आई अडखळते, मूल उठून पळतं, तरी लगेच मध्ये पडायचं नाही.

एक प्रसंग जवळून सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. चौदा महिन्यांचा मुलगा, मेक्सिकोहून आलेलं कुटुंब. "खातच नाही" ही तक्रार. उंच खुर्चीत बसवला की तो खाली घसरायचा, पाठ ताणायचा, ट्रे घट्ट धरून ठेवायचा. आजी चमचा पुढे करायची, तो मान फिरवायचा. मी पाय पाहिले. दोन्ही हवेत लोंबकळत होते. आपण उंच स्टुलावर पाय टेकवल्याशिवाय जेवायला बसलो तर निम्मं लक्ष तोल सांभाळण्यातच जातं. त्याचे दोन्ही हात त्याच कामात अडकले होते.

घरात डायपरचं रिकामं खोकं होतं. आजीनेच ते जुन्या टॉवेलांनी गच्च भरलं, चिकटपट्टीने बंद केलं आणि पायांखाली सरकवलं. एक टॉवेल गुंडाळून पाठीमागे. कंबर, गुडघा, घोटा काटकोनात आले, तळपाय टेकले. तो मिनिटभर नुसता बसून राहिला. मग ट्रेवरचा एक हात सुटला आणि समोरच्या मऊ बीन्सकडे गेला. मी काही बोलले नाही. आजी स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटली आणि तिने चमचा खाली ठेवला. त्या दिवशी त्याने चारच दाणे खाल्ले. पण ते त्याने स्वतः उचलले.

मराठी घरांत गोष्ट वेगळी असते, आणि तिथे आपला उपयोग जास्त. एका योजनेत लिहिलं होतं, 'चमच्याने स्वतः जेवेल'. अडीच वर्षांची मुलगी, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली आजी तिला मोबाइल दाखवत भरवायची. आजी म्हणाली, "अगं, आमच्याकडे वरणभात चमच्याने कोण खातं?" बरोबरच होतं. मी ओटीशी बोलले, घरच्यांना विचारून वाक्य बदललं गेलं, 'स्वतःच्या हाताने जेवेल'. मोबाइलबद्दल आजींना उपदेश केला नाही. भरवणं ही त्यांची माया आहे, सात समुद्र ओलांडून त्या तेवढ्यासाठीच आल्या होत्या. एवढंच म्हटलं, "आजी, पहिले तीन घास तिचे, मग तुमचे. आणि त्या तीन घासांपुरता मोबाइल पालथा." आजींनी गुरगुट्या भाताचे बोराएवढे गोळे करून ताटलीत मांडले. पहिल्या आठवड्यात निम्मा भात केसांत गेला. तो जाऊ द्यायचा असतो, हे आजींना पटवायला मला दोन भेटी लागल्या.

खाण्याच्या कामात एक गोष्ट सोडू नका. फुटाणे, अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं या वयात घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करायच्या, मटार शिजवून चेपून द्यायचे. मूल खाताना वारंवार खोकत असेल किंवा आवाज घोगरा, ओला येत असेल, तर प्रयोग तिथेच थांबवा आणि लगेच ओटीला फोन करा.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. घरात शिरताच आणि निघताना हात धुवा, जादा मोजे जवळ ठेवा, कुत्र्याची भीती असेल तर आधीच सांगा. साधी सर्दी असली तरी कळवा आणि भेट पुढे ढकला, कारण यातली काही बाळं अपुऱ्या दिवसांची असतात. नोंद गाडीत बसल्या बसल्या पूर्ण करा. संध्याकाळी पाच घरं एकमेकांत मिसळतात. 'छान खेळला' ही नोंद नव्हे. 'पायांना आधार दिल्यावर चार दाणे चिमटीने उचलले, आजीने स्वतः आधार लावला' ही नोंद. मुलाला इजा होते आहे असं वाटलं तर ते कळवण्याची कायदेशीर जबाबदारी तुमचीच असते, ती वरिष्ठांवर ढकलता येत नाही.

आणि तिसरा वाढदिवस. त्या दिवशी ही सेवा संपते. मूल पात्र ठरलं तर पुढची मदत शाळेकडून मिळते. त्यासाठीची बैठक वाढदिवसाच्या निदान ९० दिवस आधी व्हायला हवी, म्हणून आईला बऱ्याच आधीपासून तयार करा. त्या बैठकीत मुलाला न पाहिलेली माणसं असतात आणि आई गांगरते. मी तिला फोनवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवायला सांगते. मूल जेवताना, नेहमीच्या खुर्चीत, पायांखाली खोकं असताना. आणि मग तेच मूल, खोकं काढल्यावर.